मागचं चाक धरतंय, घरघरतंय, तापतंय : जिप्सीचा ड्रम ब्रेक आणि बेअरिंग यांचा एकत्र तपास

दोन पावसाळ्यांपूर्वी आंबोली घाट उतरताना माझ्या जिप्सीचं मागचं डावं चाक धरायला लागलं. ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी मागून कोणीतरी शेपूट ओढल्यासारखी गाडी झटका द्यायची. गॅरेजमध्ये दाखवली, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बदलले. पंधरा-वीस दिवस सुरळीत, मग पुन्हा तेच. पुन्हा लायनर. तिसऱ्यांदा मी स्वतःच ड्रम उतरवला, तर नवाकोरा लायनर काळाकुट्ट, चकचकीत आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. म्हणजे गिअर ऑइल. लायनर बिचारा निर्दोष होता. एक्सलमधलं तेल अडवणारं रबरी ऑइल सीलही मूळ गुन्हेगार नव्हतं. मागच्या एक्सलच्या हाऊसिंगवर बोराएवढा एक ब्रीदर असतो, तो तांबड्या चिखलानं लिंपून बंद झाला होता. आतली हवा तापून फुगली की तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती तेलाला सीलमधून ढकलत होती. एका बुजलेल्या भोकापायी मी लायनरचे दोन सेट वाया घालवले.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली : या गाडीत मागचा ब्रेक आणि मागचं बेअरिंग ही दोन वेगळी दुखणी समजायची नाहीत. तक्रार ब्रेकची असली तरी आधी बेअरिंगची आणि सीलची चौकशी करायची, आणि बेअरिंग बदलायला निघालो तर ब्रेकचा हिशेबही त्याच बैठकीत मिटवायचा.

असं का, ते रचनेवरून कळतं. १९८५ साली आलेली आणि २०१९ च्या सुमारास बंद झालेली मारुती जिप्सी घ्या. ताडोब्यात सफारीला गेलेल्यांनी तिच्या मागच्या बाकावर बसून हाडं खिळखिळी करून घेतलेलीच असतात. तिचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग प्रकारचा. म्हणजे चाक फिरवणारा एक्सल शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो. हाऊसिंगच्या टोकाला एक ऑइल सील, त्याच्या बाहेर बेअरिंग सरकू नये म्हणून शाफ्टवर घट्ट बसवलेली रिटेनर रिंग, मग शाफ्टवर दाबून बसवलेलं बेअरिंग, मग ड्रममागची न फिरणारी थाळी म्हणजे बॅक प्लेट, तिच्यावर लायनर आणि त्यांना ड्रमकडे ढकलणारा व्हील सिलिंडर, त्यावर ड्रम, आणि शेवटी चाक. हा सगळा संसार वीतभर जागेत. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डुलतो, शाफ्ट डुलला की सीलचा ओठ झिजतो, सील गेलं की तेल लायनरवर. उलट, ब्रेक सतत घासत राहिला तर त्याची उष्णता बेअरिंगच्या ग्रीसला आणि सीलच्या रबराला खाते.

आधी गाडी चालवून बघा

पाने काढायच्या आधी पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये शक्यतो ब्रेक न मारता, गिअरवर वेग कमी करत थांबा. उतरून तळहाताची मागची बाजू चारही चाकांजवळ न्या. लगेच हात लावू नका, भाजतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. किती अंश आहे हे फार महत्त्वाचं नाही, डाव्या-उजव्यात फरक किती आहे ते महत्त्वाचं. एक मागचं चाक जोडीदारापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथे एकतर लायनर ड्रमला घासतोय किंवा बेअरिंग मरायला टेकलंय.

आता आवाज. बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनच्या आरपीएमशी तिचा संबंध नसतो. साठच्या वेगाला क्लच दाबून बघा, आवाज तसाच राहिला तर इंजिन बाजूला झालं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असं होत असेल तर शंका एक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांवर घ्या. आणि मड-टेरेन टायर लावले असतील तर थोडं थांबा. त्या टायरांचा घोंघावणारा आवाज हुबेहूब खराब बेअरिंगसारखा येतो, आणि कित्येकांनी त्यापायी चांगली बेअरिंग काढून फेकली आहेत. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत सिमेंटवर गेलात की त्याचा सूर वेगळा लागतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं.

बाजू ओळखायची युक्ती अशी : मोकळ्या रस्त्यावर हलकं वळण घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. त्या वेळी घरघर वाढली तर उजवं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढली तर डावं. ही खूण शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगते.

ब्रेकच्या तक्रारी पायाला कळतात. पेडल खूप खाली जातं, पण दोन-तीनदा पंप केलं की वर येतं, तर बहुधा लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरला असता पेडल सावकाश खाली बसत जात असेल तर ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय किंवा पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय, त्यासाठी ड्रम उघडण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी आणि सगळे पाइप बघा. ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला कचकन धरते, ते मात्र ड्रमवरच्या गंजाचं काम. दोन ब्रेकमध्ये जातं, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

जॅकवर

मागची चाकं उचलली की हँडब्रेक गाडीला धरत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर असो किंवा काही जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांप्रमाणे ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असो, तो शेवटी मागच्या चाकांनाच धरतो आणि ती तर हवेत आहेत. म्हणून सपाट, घट्ट जमीन, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (अडसर). चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, आणि एक्सलखाली दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल, टू-व्हील ड्राइव्ह. चाक वरून आणि खालून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. जिप्सीच्या मागच्या बेअरिंगला सैल-घट्ट करायची सोयच नाही. हाताला खटका लागला की ते बदलायचं, दुसरा उपाय नाही. मात्र हलवताना दुसऱ्याला आत वाकून बघायला सांगा : बॅक प्लेटच्या तुलनेत ड्रम हलतोय का, की अख्खा एक्सलच पाट्यांच्या बुशवर डोलतोय? दुसरं असेल तर बेअरिंग निर्दोष.

मग एक हात पाट्यांच्या स्प्रिंगवर हलका टेकवा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची किरकिर कानाला कळायच्या आधी स्प्रिंगमधून बोटांना कळते. माझ्या मिस्त्रीनं शिकवलेली ही तपासणी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते.

ड्रम उतरवताना

ड्रम सहसा सहज निघत नाही. ड्रमच्या कडेला न झिजलेली धार उरते, तिच्यात लायनर अडकतात. आधी लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर मागे घेऊन लायनर आत ओढा, हँडब्रेकची केबल सैल करा. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम आपोआप सुटून बाहेर येतो. हातोडीनं कडेवर ठोकू नका, बीड आहे, तडा जातो.

आतली धूळ फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरनंही उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. पाणी किंवा ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा, चिंधीनं पुसा आणि चिंधी पिशवीत बांधून टाका.

खोलण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे चार-सहा फोटो काढा. आणि एका वेळी एकच बाजू खोला. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, हा वाद संध्याकाळी सात वाजता दिवा धरून घालण्यापेक्षा दुसऱ्या बाजूला जाऊन बघणं सोपं.

ओल कशाची आहे?

खरं निदान इथे होतं. ड्रममध्ये ओल दिसली की ती बोटावर घ्या आणि वास घ्या. तीन शक्यता असतात.

घट्ट, चिकट आणि गंधकासारखा नाकात बसणारा वास असेल तर ते डिफरन्शियलचं गिअर ऑइल. ते नेहमी मध्यभागातून, शाफ्टच्या बाजूनं आलेलं असतं आणि बॅक प्लेटवर खालच्या दिशेनं त्याचा ओघळ दिसतो. सील गेलंय. पण ते का गेलंय, याची उत्तरं तीन : बेअरिंग झिजून शाफ्ट डुलतोय, ब्रीदर बुजलाय, किंवा तेल जास्त भरलंय. सपाट जागेवर उभ्या गाडीत तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा नियम इथे लागू नाही.

पातळ, निसरडी, जवळजवळ बिनवासाची ओल आणि आजूबाजूचा रंग फुगून सोललेला असेल तर ते ब्रेक ऑइल. उगम वर, व्हील सिलिंडरमध्ये. सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण बोटानं उचलून बघा. आत नुसता ओलसरपणा असेल तर लक्ष ठेवा, तेल साचलेलं असेल तर सिलिंडर गेला. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख अडकेल असा खड्डा असेल तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, अख्खा सिलिंडर बदला.

तिसरी शक्यता पाणी आणि चिखल. नदी-ओढे ओलांडल्यावर जांभ्याचा तांबडा गाळ ड्रममध्ये शिरतो आणि वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. ड्रमला गोल चरे पाडायला एक पावसाळा पुरतो. चिखलाच्या प्रत्येक सहलीनंतर ड्रम धुवा, आणि बॅक प्लेटच्या खालच्या बाजूचं पाणी निघायचं भोक तारेनं मोकळं करा.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुऊन, जाळून, उन्हात वाळवून परत लावणारे लोक मी पाहिले आहेत. तेल आत मुरलेलं असतं. पहिल्या घाटात ड्रम तापला की ते वर येतं आणि चाक एकतर घसरतं किंवा माझ्यासारखं झटक्यानं धरतं. असे लायनर टाकून द्या, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला. एका बाजूला जुने आणि एका बाजूला नवे ठेवले तर ओल्या उतारावर गाडी आडवी होईल. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, डिझेल काहीही लागू देऊ नका, रबर फुगतं. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट.

चाक जाम होतंय, पण ओल नाही

जॅकवरचं चाक हातानं फिरत नाही, पण ड्रममध्ये कोरडं आहे, अशा वेळी ड्रम परत चढवा, कुणाला तरी ब्रेक एकदा दाबून सोडायला सांगा. चाक घट्ट झालं की त्याच चाकाचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. थोडं तेल उडून चाक मोकळं झालं तर अडचण हायड्रॉलिकची : दाब आत अडकून राहतोय. ब्लीडर उघडूनही चाक घट्टच असेल तर अडचण यांत्रिक : ताण गेलेली रिटर्न स्प्रिंग, गंजून अडकलेला सिलिंडरचा पिस्टन, वेटोळ्यात जाम झालेली हँडब्रेकची केबल, किंवा बॅक प्लेटवर ज्या उंचवट्यांवर लायनरची कड घासते तिथे पडलेली खाच. या खाचेत लायनर अडकून बसतो. वेल्डिंगनं भरून कानशीनं सपाट करून घ्या, आणि त्यावर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचं नुसतं बोट फिरवा. ग्रीस भरायचं नाही.

हायड्रॉलिक दोष असेल आणि मागची दोन्ही चाकं धरत असतील तर चेसिसवरून एक्सलवर येणारा रबरी होज तपासा. बाहेरून ठणठणीत दिसणारा होज आतून फुगून बंद होतो. दाबानं तेल पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही. जुन्या गाड्यांत हा दोष फार वेळा चुकतो, कारण होजकडे कोणी बघतच नाही. गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावलेल्यांनी एक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना हा होज ताणला जात नाही ना, तेही बघावं.

ड्रम आणि नवे लायनर

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला किंवा ओतीव अक्षरांत असतो. त्या आकड्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर नेऊ नका, पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, तडकतो. मर्यादेत असेल तर दोन्ही ड्रम सारख्याच मापाला टर्निंग करून घ्या. मोठ्या झालेल्या ड्रममध्ये नवे लायनर सुरुवातीला फक्त मधोमध टेकतात, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर ब्रेक कमी वाटतो.

लायनरचा जाडपणा रिव्हेटच्या डोक्यावर किंवा, चिकटवलेल्या प्रकारात, पत्र्यावर दीड मिलिमीटरच्या आसपास आला की बदला. एकाच ड्रममधला पुढचा आणि मागचा लायनर वेगळ्या लांबीचे असतील तर ते जिथे होते तिथेच लावा. स्प्रिंगांचा सेट स्वस्त मिळतो. निळसर पडलेल्या, ताण गेलेल्या स्प्रिंगांवर नवे लायनर बसवण्यात काटकसर नाही. अंगठ्याच्या तेलकट ठशानंही नवा लायनर बिघडतो, म्हणून बसवताना हात धुवा. मी तर काम चालू असताना ग्रीसचा डबाच लांब ठेवतो.

बेअरिंग : निवांत दिवशी करायचं काम

बेअरिंग आणि सील बदलायचं ठरलं तर सकाळी सुरू करा आणि जवळच्या प्रेस (दाब देणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपचा फोन नंबर हाताशी ठेवा. नवं बेअरिंग, नवं सील आणि नवी रिटेनर रिंग, तिन्ही आधी आणून ठेवा. रिंग पुन्हा वापरायची नसते. ही सगळ्यांत जीवघेणी काटकसर, कारण त्या रिंगेच्या पकडीवरच शाफ्ट आत टिकून असतो. ती सरकली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट एकत्रच चालत्या गाडीतून बाहेर येतात.

ज्या बाजूचं काम आहे ती बाजू जास्त वर उचला, म्हणजे हाऊसिंगमधलं तेल दुसऱ्या बाजूला जाईल आणि तुमच्या मांडीवर सांडणार नाही. ड्रम आणि लायनर काढा. सिलिंडरमागच्या ब्रेक पाइपचा नट साध्या फिक्स पान्यानं सोडायला गेलात की गोल होतो. त्यासाठी तोंड कापलेला खास रिंग पाना मिळतो, तो घ्या. नट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलानं भिजवून ठेवा. पाइप सुटला की त्याच्या टोकाला ब्लीडरवरची रबरी टोपी लावा, तेल गळायचं थांबतं.

बॅक प्लेटमागचे चार नट काढा. आता शाफ्ट, बेअरिंग आणि बॅक प्लेट एकत्रच बाहेर येतात. बाहेर ओढायला रॉडवर सरकणारं वजन असलेला स्लाइड हॅमर लागतो. तो नसेल तर ड्रम उलटा करून बोल्टांवर सैलसर बसवा, नट टोकाशी दोन-तीन आटे लावा आणि ड्रम स्वतःकडे झटक्यानं ओढत ठोके द्या. चार-पाच ठोक्यांत शाफ्ट सुटतो. तो सरळ, दोन्ही हातांनी उचलून काढा. आत सील बसवलेलं असेल तर शाफ्टचे दाते त्याच्या ओठावर घासत येतात.

जुनी रिंग काढायला तिच्यावर ग्राइंडरनं एक खाच पाडायची, पण शाफ्टपर्यंत पोचायचं नाही. कागदाएवढी जाडी उरली की छिन्नीचा एक जोरदार ठोका, रिंग तडकते. शाफ्टला ग्राइंडर लागला तर त्या ओरखड्यावरून पुढे शाफ्ट मोडू शकतो. बेअरिंग प्रेसनं निघतं. बेअरिंगला एका बाजूला रबरी झाकण असेल तर ते कुठल्या दिशेला होतं याचा फोटो घ्या, नवं तसंच बसवायचं आहे.

शाफ्टवर सील जिथे घासतं तो भाग नखानं तपासा. नख अडकेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळणार. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवून ओठ ताज्या पृष्ठभागावर आणता येतो, नाहीतर शाफ्टचं काम करावं लागेल. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला ग्रीस लावा, आणि सील त्याच्याच मापाच्या सॉकेटनं किंवा पाइपच्या तुकड्यानं सरळ ठोकत बसवा. तिरकं बसलेलं सील महिनाभरही टिकत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. शाफ्टवर आधी बॅक प्लेट, मग बेअरिंग, मग रिंग हा क्रम आहे. प्रेसखाली बेअरिंग आणि रिंग झकास बसवून घरी आलात आणि बॅक प्लेट अंगणात भिंतीला टेकलेली दिसली, तर रिंग तोडून पहिल्यापासून सुरुवात. हे माझ्या बाबतीत झालेलं नाही, पण माझ्या चुलतभावाच्या बाबतीत झालंय आणि आमच्या घरी दर दिवाळीत त्याला त्याची आठवण करून दिली जाते.

प्रेसवाल्याला स्पष्ट सांगा : दाब बेअरिंगच्या आतल्या रेसवर, म्हणजे आतल्या कड्यावर. बाहेरच्या रेसवर दाब दिला तर तो छर्‍यांमधून जातो, रेसवर न दिसणारे खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच आठवड्यात घरघरतं. मग लोक म्हणतात की माल डुप्लिकेट निघाला. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण निम्म्या वेळा दोष हातोडीचा असतो.

बसवताना हाऊसिंगचं तोंड आणि बॅक प्लेट स्वच्छ पुसून मध्ये सीलंटचा पातळ थर द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या फटीतून आत जाणार नाही. शाफ्टला आधार देत आत सरकवा, दाते डिफरन्शियलमध्ये बसल्याचं हाताला कळतं. चारही नट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्यानं आवळा. शेवटचा ताण मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क पान्यानं.

तुमच्याकडे जुनी सीजे-३बी धाटणीची जीप असेल तर गणित वेगळं आहे. तिथे शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब चावीवर (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीवर) बसलेला असतो. त्याला दमदार पुलर लागतो, आणि टेपर बेअरिंगचा प्ले (सैलपणा) शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ठरवतात. तो मॅन्युअलमधल्या मापालाच हवा, अंदाजानं नाही. फुल-फ्लोटिंग एक्सलच्या गाड्यांत बेअरिंग हबमध्ये असतात आणि वजन शाफ्टवर नसतं, त्यामुळे शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहतं. जिप्सीत ती चैन नाही. रुंद रिम, स्पेसर आणि भलेमोठे टायर लावले की चाक बेअरिंगपासून लांब जातं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. दिसायला गाडी झकास होते, हे मान्य आहे. पण मग बेअरिंग लवकर बदलायची तयारी ठेवा.

ब्रीदर आणि पाणी

लांब चालून तापलेला एक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बुजलेला असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी ओढून घेते, आणि ब्रीदर उघडा पण पाण्याखाली असेल तर तिथूनच पाणी आत जातं. नंतर तेल दुधाळ झालेलं दिसतं. दुधाळ तेल म्हणजे त्याच दिवशी बदली. उद्यावर टाकू नका, बेअरिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

कायमचा उपाय म्हणजे ब्रीदरच्या जागी नोझल लावून तेलाला टिकणारा होज वर, बॉडीत टेललॅम्पच्या मागे किंवा तितक्याच उंचीवर न्यायचा आणि टोक खाली वळवून ठेवायचं. होजला एक्सलच्या हालचालीपुरती ढील द्या. आणि पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं थांबून एक्सल निवू द्या. चहाला तेवढं निमित्त पुरतं.

पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक पेडल हलकं दाबून चालवा, लायनर सुकतात. ड्रममधलं पाणी डिस्कसारखं झटकून जात नाही, म्हणून ओढा ओलांडल्याबरोबर येणाऱ्या उतारावर फार भरवसा ठेवू नका.

अ‍ॅडजस्टमेंट आणि हवा काढणं

क्रम असा : आधी अ‍ॅडजस्टमेंट, मग हवा, मग हँडब्रेक. हाताच्या अ‍ॅडजस्टरवर चाक जाम होईपर्यंत आवळा आणि मग लायनरचा अगदी पुसटसा स्पर्श ऐकू येईपर्यंत मागे घ्या. स्वतःहून जुळणाऱ्या प्रकारात ड्रम चढवून पेडल पुष्कळदा दाबा. हँडब्रेकची केबल ओढून लायनरचं अंतर भरून काढणं ही चोरवाट आहे. तिच्यामुळे ऑटो अ‍ॅडजस्टर काम करेनासा होतो.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच, सीलबंद बाटलीतलं. डॉट-३ चा कोरडा उत्कलनांक किमान २०५ अंश, डॉट-४ चा २३० अंश सेल्सिअस. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी प्यालेल्या डॉट-३ ची हमी १४० अंशांपर्यंतच उरते. कोकणच्या दमट हवेत अर्धी वापरलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून पुन्हा वापरायची नाही. दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. काही गाड्यांत मागे एकच ब्लीडर असतो, तो कुठे आहे ते आधी बघा. ब्लीडरला पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आमच्याकडे पेडलवर पुतण्या असतो आणि संवाद ठरलेला : ‘‘काका, दाबलं.’’ ‘‘धरून ठेव.’’ मी ब्लीडर उघडतो, बुडबुडे येतात, बंद करतो. ‘‘सोड.’’ ब्लीडर उघडा असताना त्यानं पाय सोडला की हवा परत आत, म्हणून माझा ‘सोड’ येईपर्यंत त्यानं हलायचं नाही. मध्ये मध्ये टाकी भरत राहा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा एलएसपीव्ही असलेल्या गाडीत घोड्या एक्सलखालीच हव्यात. चेसिसवर टेकवून एक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्ह मागचा दाब अडवतो आणि हवा नीट निघत नाही. लिफ्ट केलेल्या गाडीत हा व्हॉल्व्ह नव्यानं जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी कायम रिकामी आहे असं समजून तो मागचा ब्रेक कमी देत राहतो.

पहिली फेरी

इंजिन सुरू करून पेडल घट्ट आहे ना ते बघा आणि मगच गाडी हलवा. अंगणात चालण्याच्या वेगानं दोन-तीन ब्रेक. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून वीसवर, मऊ पायानं, चाक न अडकवता दहा-बारा वेळा, आणि प्रत्येक वेळी मध्ये गाडी थोडी मोकळी चालवून ड्रम निवू द्या. पहिल्याच दिवशी घाट उतरायला जाऊ नका.

परत आल्यावर सुरुवातीसारखाच तळहात चाकांजवळ. दोन्ही मागची चाकं सारखीच कोमट हवीत. बॅक प्लेटच्या खालच्या कडेला पांढरा कागद पुसून बघा, तेलाचा डाग नको. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. आणि तसेच आत वाकलेले आहात तर हाऊसिंगवरच्या ब्रीदरची टोपी दोन बोटांत धरून फिरवा. ती सहज फिरली पाहिजे.